डीव्हीडी वाचत नाही म्हणून ड्राइव्ह फेकायच्या आधी गोलाणीतलं हे दुकान बघा

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये कॉम्प्युटरची दुकानं पुष्कळ आहेत पण डीव्हीडी ड्राइव्ह उघडून बघणारा माणूस आता शोधूनही सापडत नाही, सगळ्यांचं एकच, नवीन घेऊन टाका. आधी एका दुकानात दाखवला तर त्याने केबलसुद्धा काढून बघितली नाही, सरळ नवीन एक्स्टर्नल ड्राइव्हचा डबा काढून समोर ठेवला. म्हणून ज्या दुकानदार काकांनी तो उघडून बघितला, त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहितोय.

प्रॉब्लेम असा की ड्राइव्ह कॉम्प्युटरमध्ये दिसायचा, ट्रे नीट उघडायचा, डिस्क घातली की थोडा वेळ घरघर आवाज यायचा आणि मग डिस्क टाका म्हणून मेसेज. आणि डिस्क होती २००८ च्या आमच्या घरच्या कानबाईच्या, म्हणजे खानदेशातल्या देवीच्या उत्सवाच्या, व्हिडिओची. रात्रभर जागरण, आजी अहिराणीत गाणी म्हणतेय, सगळं भाऊबंद जमलेलं. आजी आता नाही आणि दुसरी कॉपी कुणाकडेच नाही, त्यामुळे नवा ड्राइव्ह घ्यायचा का नाही हा प्रश्नच नव्हता, डिस्क वाचली गेली पाहिजे एवढंच होतं.

काका अमळनेरकडचे. स्क्रू ड्रायव्हरला हात लावायच्या आधी त्यांनी विचारलं की सीडी चालते का, कंपनीची सिनेमाची डीव्हीडी चालते का, की फक्त राइट केलेलीच अडते. मला हे बघून फार बरं वाटलं कारण निम्मा फॉल्ट इथंच कळतो. त्यांच्या ड्रॉवरमध्ये टेस्टिंगच्या डिस्क ठेवलेल्याच आहेत, आधी साटा केबल (ड्राइव्ह कॉम्प्युटरला जोडणारी) बदलून पाहिली, फरक नाही, मग कंपनीची सीडी घातली, चालली, कंपनीची डीव्हीडी घातली, नाही चालली. मग म्हणाले, "ड्राइव्ह मरेल नही शे भाऊ, लेन्स आंधयी व्हई जायेल शे." म्हणजे ड्राइव्ह मेलेला नाही, लेन्स आंधळी झालीये.

कारण पण समजावून सांगितलं. सीडी आणि डीव्हीडीचा लेसर वेगवेगळा असतो, सीडीचा ७८० नॅनोमीटरचा, तो डोळ्याला नीट दिसतसुद्धा नाही, आणि डीव्हीडीचा ६५० चा लाल. त्यामुळे एक बंद पडून दुसरा चालू राहू शकतो. पण लेसर गेला असं धरायच्या आधी लेन्स साफ करून बघायची, कारण डीव्हीडीवरच्या डेटाच्या रेषांमध्ये ०.७४ मायक्रॉनचं अंतर असतं, सीडीवर १.६, म्हणजे लेन्सवर थोडी जरी धूळ बसली तरी आधी डीव्हीडी अडते, सीडी आपली चालत राहते.

मग ड्राइव्ह उघडला. लेन्स तुरीच्या दाण्याएवढी, निळसर, आणि तिच्यावर करड्या धुळीचा थर, कडेला कापसाचा एक तंतू चिकटलेला. आमचं घर कापसाच्या जिनिंगच्या बाजूला आहे, सीझनमध्ये हे सगळं घरात उडत असतं, कॅबिनेटचा पंखा आत ओढतो. काकांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाचा इअरबड बुडवला, निथळवला, आणि अगदी हलक्या हाताने फिरवला, कारण लेन्स बारीक तारांवर लटकलेली असते, दाबली की कामातून गेली. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकी उडते. सॅनिटायझर लावायचं नाही, त्यात जेल आणि वास असतो, थर राहतो. आणि झाकण काढलेला ड्राइव्ह चालू असताना लेन्सकडे बघायचं नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं.

जोडल्यावर कंपनीची डीव्हीडी लगेच चालली पण कानबाईची नाहीच. इथे दुसरा कुणी असता तर डिस्क गेली म्हणून मोकळा झाला असता. काकांनी डिस्क उजेडात धरून बघितली, मधून बाहेरच्या कडेकडे सरळ पुसली (गोल गोल पुसायची नाही, त्याने पडणारा ओरखडा रेषेच्या दिशेने जातो आणि जास्त नडतो) आणि विचारलं, ठेवली कुठे होती? माळ्यावर, पत्र्याखाली. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. कंपनीच्या डिस्कवर डेटा छापलेला असतो पण राइट केलेल्या डिस्कमध्ये तो रंगाच्या थरात असतो आणि तो थर उन्हाने, उष्णतेने खराब होत जातो. मग त्यांनी दुसरा जुना ड्राइव्ह लावला, कारण एकाने नाकारलेली डिस्क दुसरा कधी कधी उचलतो, स्पीड कमी केला आणि अडेल तिथे परत परत वाचणाऱ्या सॉफ्टवेअरवर लावून ठेवली. डिस्क संध्याकाळपर्यंत चालू होती. शेवटची काही मिनिटं अडकतात, चित्राचे चौकोन होतात, ती आली नाहीत. बाकी सगळं आलं, आजीचा आवाज पूर्ण.

ड्राइव्ह कॉम्प्युटरमध्ये दिसतच नसेल आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण येत असेल तर उघडायची गरज नसते असं ते म्हणाले, बऱ्याचदा एखादं राइटिंगचं सॉफ्टवेअर काढल्यावर विंडोजच्या रजिस्ट्रीत (जिथे सगळ्या सेटिंग्ज साठवलेल्या असतात) अप्परफिल्टर्स, लोअरफिल्टर्स नावाच्या नोंदी मागे राहतात, बॅकअप घेऊन त्या काढल्या आणि रीस्टार्ट केलं की ड्राइव्ह परत येतो. आणि फाइल दिसतात पण सिनेमा लागत नाही तर तो ड्राइव्हचा दोष नाही, विंडोज १० आणि ११ मध्ये डीव्हीडी सिनेमा चालवायची सोय आतून येत नाही, व्हीएलसी हा फुकटचा प्लेअर टाका.

पैसे वाजवी घेतले, साफसफाईचे वेगळे, कॉपीचे वेगळे, आधी सांगून. कमी काय तर फोन उचलत नाहीत आणि बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, मला ते पटलं नाही, काम इतकं चोख करणाऱ्याने बिलही स्वतःहून द्यावं. दुपारी जेवायला बंद असतं, म्हणून बाहेरगावहून येणाऱ्यांनी सकाळीच यावं. ड्राइव्हसोबत अडलेली डिस्क पण आणा, आणि एक रिकामा पेनड्राइव्ह, साधी डीव्हीडी ४.७ जीबीची असते, ८ जीबीचा पुरतो.