प्रकाश मागे फिरू नये म्हणून: फेराइट की व्हॅली-हॉल?

प्रकाश मागे न फिरता पुढे नेण्याचे दोन मार्ग आहेत: चुंबकीय क्षेत्रात ठेवलेलं फेराइट (लोहयुक्त चुंबकीय पदार्थ) आणि व्हॅली-हॉल (चुंबकाशिवाय, छिद्रांच्या दोन उलट नक्ष्यांच्या सांध्यावरून प्रकाश नेणारी रचना). प्रबंधासाठी यांपैकी कोणता मार्ग धरू, असं एका विद्यार्थिनीनं विचारलं.

परतीचं विकिरण (प्रकाश मागे विखुरणं): भौतिकशास्त्रज्ञ हॉल्डेन आणि रघू यांची 2008 ची एकेरी वाटेची कल्पना अमेरिकेतल्या एमआयटीत 2009 मध्ये फेराइटच्या कांड्यांवर सिद्ध झाली. चुंबकीय क्षेत्रामुळे उलटी वाटच उरत नाही. धातूचा अडथळा आला तरी लहर वळसा घालून पुढे जाते. व्हॅली-हॉलमध्ये ती वाट शाबूत असते. 120 अंशांचं वळण प्रकाश सहज घेतो, पण कोरीवकामातला खडबडीतपणा त्याला मागे ढकलतोच. डेन्मार्कमधल्या 2023 च्या मोजमापांत ते स्पष्ट दिसलं. नुसत्या ‘टोपोलॉजिकल’ (रचनेच्या एकूण घडणीमुळेच वाट सुरक्षित, अशा अर्थाच्या) बिरुदावर विसंबू नकोस.

बनवणं: व्हॅली-हॉलला सिलिकॉन पुरतं. फेराइटला चुंबक लागतो, आणि त्याचा चुंबकीय प्रतिसाद प्रकाशाच्या वारंवारतेला जवळजवळ संपतो.

मायक्रोवेव्हसाठी फेराइट घे, चिपवरच्या तीव्र वळणांसाठी व्हॅली-हॉल. चिपवर लांब अंतर कापायचं असेल, तर साधा सिलिकॉन वेव्हगाइडच (प्रकाश वाहून नेणारी सिलिकॉनची बारीक पट्टी) बरा.