बॉल जॉइंट झकास, पण ते खालचं निपल कुणाच्या डोक्यातून आलं?

काल परत डाव्या बाजूच्या लोअर बॉल जॉइंटला (पुढचं चाक ज्यांवर वळतं त्या वरच्या-खालच्या दोन सांध्यांपैकी खालचा) ग्रीस मारताना बोटं सोलून निघाली, तेव्हा ठरवलं की आता लिहायचंच. गाडीला पुढे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा अखंड ॲक्सल), गाडी उंच करणारं लिफ्ट किट, ३५ इंची टायर. मूळचे सीलबंद जॉइंट काढून मी चारही ग्रीस करता येणारे टाकले, लोखंडावर लोखंड घासणाऱ्या जातीचे, आत प्लास्टिकचा लायनर (अस्तर) वगैरे नाही. त्याला आता बरेच महिने झालेत, दगडधोंडे, चिखल, गुडघाभर पाणी सगळं दाखवून झालंय.

आधी जुन्याची कथा, कारण तिथेच डोकं फिरलं होतं. एका ठराविक स्पीडला खड्डा लागला की स्टिअरिंग असं थयथयायचं की गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय शांत व्हायचं नाही, आणि हळू जाताना दगडावरून उतरलं की खाली ठक्क. वर्कशॉपवाल्यांनी स्टिअरिंग डॅम्पर बदलला, बिल हातात ठेवलं. थोडे दिवस बरं वाटलं आणि परत तेच. वाटणारच ना, डॅम्पर हादरा दाबून ठेवतो, हादरा जिथून येतो तिथली ढिलाई तो कशी घालवणार? परत गेलो तर म्हणे एवढी मोठी टायरं लावल्यावर हे होणारच साहेब. चाक उचलून बघितलंत का विचारलं तर म्हणे रोड टेस्ट घेतली. म्हणजे चाक उचललंच नव्हतं. तिथून जो निघालो तो परत गेलो नाही.

घरी बघायला फार वेळ लागत नाही खरं तर. ॲक्सलखाली जॅक लावून चाक जमिनीपासून थोडं वर घ्यायचं, खाली स्टँड द्यायचा, मग टायर १२ आणि ६ वाजता धरून हलवायचा. प्ले, म्हणजे ढिलाई, जाणवला तर लगेच बॉल जॉइंट बॉल जॉइंट करत सुटायचं नाही, हबचं (चाक ज्यावर बसतं तो भाग) बेअरिंग गेलं असलं तरी हाताला तस्संच लागतं. कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगायचं आणि परत हलवायचं. ब्रेक दाबल्यावर प्ले गायब झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. ९ आणि ३ ला धरून हलत असेल तर आधी टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाचा सांधा) बघा. आणि सगळ्यात खात्रीची परीक्षा म्हणजे टायरखाली पहार घालून चाक वर उचकटायचं आणि दुसऱ्याने टॉर्च घेऊन लोअर जॉइंटकडे नजर लावायची. माझ्या भावाने टॉर्च धरली होती, तो नुसता 'अरे बापरे' म्हणाला. मी जाऊन बघितलं तर नकल (हब धरणारा, चाकाबरोबर वळणारा भाग) वर-खाली होतोय आणि ॲक्सलचा सी (ॲक्सलच्या टोकाचा सी आकाराचा भाग, जॉइंट यातच बसतात) जागचा हलत नाहीये, आणि रबर बूट फाटून आतून कोरडी लाल पावडर बाहेर येतेय. किती प्ले चालतो ते मॅन्युअलमध्ये असतं, डायल गेज लावून मोजतात, पण नुसत्या डोळ्याला दिसत असेल तर गेज कशाला शोधत बसायचं.

आता काम. खरा वेळ बॉल जॉइंट खात नाही, हब खातो. हबचे तीन बोल्ट सुटतात पण गंजाने हब नकलमध्ये असा बसलेला असतो की बस रे बस. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, आणि कॅलिपर (ब्रेकचा चिमटा) तारेने टांगा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवू नका, एबीएसची वायर पण आधीच सोडवून घ्या नाहीतर तुटलीच समजा. ॲक्सल शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) बाहेर आला की नकलचे दोन्ही नट ढिले करायचे, पूर्ण काढायचे नाहीत, काही आटे राहू द्यायचे, आणि नकलला बाजूने घण घालायचा. टेपर (जॉइंटचा नकलमध्ये घट्ट बसलेला निमुळता दांडा) सुटतो तेव्हा धाडकन नकल खाली बसतो, ते दोन-चार आटे राहिलेले असतात म्हणून तो पायावर येत नाही. जुने जॉइंट सी प्रेसने (स्क्रूने दाब देणारं सी आकाराचं हत्यार) दाबून काढायचे. नवीन बसवताना आमच्या ॲक्सलला लोअर आधी, कारण अप्परच्या रिकाम्या भोकातून प्रेसचा स्क्रू जातो. दाब कडेवर द्यायचा, मधल्या टोपीवर दिला तर नवा कोरा जॉइंट तिथेच कामातून जातो. कॅसल नट (डोक्यावर खाचा असलेला) ठरलेल्या टॉर्कला आवळल्यावर स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा, मागे फिरवायचा नाही. ठोकाठोकी करणारे सगळे इथेच आळस करतात.

पहिल्या ड्राइव्हला प्रेमात पडलो. ठक्क बंद, थयथयाट बंद, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सारखं सावरत बसायची गरज नाही. हां पण एक, वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून मधे यायला आळशीपणा करत होतं. हे जॉइंट नवे असताना जड असतात, प्लास्टिक लायनरवाल्यांसारखे हलके नसतात. तेव्हा मला ते खटकलं आणि मी दोन-तीन जणांना घेऊ नका म्हणूनही सांगितलं. आता तो जडपणा बराच गेलाय, त्यामुळे तो मुद्दा मागे घेतो.

मागे घेणार नाही तो मुद्दा खालच्या निपलचा, म्हणजे ग्रीस गन लावायच्या तोंडाचा. वरच्या जॉइंटचं निपल मस्त उघड्यावर आहे, गन लावा, काम झालं. खालच्या जॉइंटच्या टोपीचं तोंड वर, म्हणजे थेट ॲक्सल शाफ्टच्या युनिव्हर्सल जॉइंटकडे (वळलेल्या चाकालाही फिरवू देणारा सांधा, त्याच्या मधे अधिकच्या खुणेसारखा क्रॉस असतो). तिथे नेहमीचं उभं निपल लावलं तर फिरताना क्रॉस त्याला घासणार, म्हणून बॉक्समध्ये लोअरसाठी एक बुटकं, टोपीच्या पातळीत बसणारं निपल देतात. बसतं छान. पण त्याला साधी ग्रीस गन लागतच नाही! सुईसारखं टोकदार ॲडॉप्टर लागतं, ते बॉक्समध्ये नाही, वेगळं घ्या. ते घेतलं तरी स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवायचं, चाक हाताने फिरवत फिरवत क्रॉसचा हात बाजूला येईपर्यंत थांबायचं, मग एका हाताने सुई दाबून धरायची आणि दुसऱ्याने गनचा दांडा ओढायचा. सुई जराशी तिरकी झाली की ग्रीस जॉइंटमध्ये सोडून सगळीकडे. ज्या माणसाने हे डिझाइन केलं त्याने जमिनीवर आडवं पडून एकदा तरी गन लावून बघितली असेल असं मला वाटत नाही.

आणि तरीही. पाण्यातून गाडी काढून आणल्यावर मी मुद्दाम ग्रीस मारली, बूटच्या कडेतून जुनी ग्रीस बाहेर आली ती चहाच्या रंगाची, बोटात चोळली तर कचकच. म्हणजे पाणी आणि वाळू आत गेली होती आणि ती मी बाहेर ढकलली. सीलबंद जॉइंटमध्ये हीच वाळू एकदा शिरली की आत बसून बॉल चाटत राहते, तुम्हाला पत्ताच लागत नाही. त्यानंतर पहार घालून परत तपासलं, चारही जॉइंटला प्ले शून्य. माझ्यासारख्या कंजूष माणसाला हे फार पटतं, कारण ग्रीसची एक ट्यूब कुठे आणि हब, शाफ्ट, नकल परत एकदा उतरवायचं कुठे. ग्रीस साधी लिथियमची एनएलजीआय २ (ग्रीसच्या घट्टपणाचा नंबर) चालते, मी मॉलीवाली (मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेली) वापरतो. बूट किंचित फुगला की थांबायचं, जोर लावत राहिलात तर बूट फुटतो आणि मग पाण्याला आमंत्रणच.

मूळचे सीलबंद जॉइंट वाईट होते असं मी म्हणणार नाही. मोठी टायरं आणि बाहेर निघालेली रिम यांच्यामुळे जॉइंटवर तरफेसारखा ताण येतो, साध्या टायरवर तेच बरेच टिकले असते. गाडी रस्त्यावरच चालवत असाल आणि ग्रीस गन घरात नसेल तर सीलबंदच घ्या, कारण ग्रीस न मारलेला लोखंडी जॉइंट त्यांच्याआधी मरेल. चिखलपाण्यात जात असाल तर हेच घ्या, आणि सुईचं ॲडॉप्टर त्याच ऑर्डरमध्ये टाका.

बनवणाऱ्या कंपनीला ईमेल केला की लोअरला बाजूने निघणारं निपल द्या, निदान सुई तरी बॉक्समध्ये टाका. उत्तर आलं, 'उत्तम आयुष्यासाठी नियमित ग्रीसिंग करावे.' कुठून करू, तेवढं सांगा.