आठ महिने व्हायब्रेशन ॲनालायझर वापरला, गिअरबॉक्ससाठी घ्यावा का?

भोसरी एमआयडीसीत रबराचं युनिट आहे आमचं. दोन मिक्सिंग मिल, एक एक्स्ट्रुडर आणि मेंटेनन्सला अडीच माणसं (अर्धा म्हणजे स्टोअर सांभाळणारा पोरगा, गरज पडली की येतो). मागच्या वर्षी एका मिलचा गिअरबॉक्स ऐन ऑर्डरीत बसला आणि मालकांनी वैतागून सिंगल चॅनेलचा (एका वेळी एकच सेन्सर) हँडहेल्ड व्हायब्रेशन ॲनालायझर, म्हणजे मशीनचा कंप मोजणारा मीटर, मागवला. ब्रँडचं नाव घेत नाही, कारण जे सांगणार आहे ते या वर्गातल्या बहुतेक मीटरना लागू होईल.

पहिले दोन महिने फुकट गेले, स्पष्टच सांगतो. डेमोला आलेल्या माणसाने एवढंच शिकवलं की सेन्सरचा मॅग्नेट चिकटवा, बटण दाबा, एमएम पर सेकंदचा (कंपाच्या वेगाचा) आकडा बघा, हिरवं असेल तर चहा प्यायला जा. तो हिरवा-पिवळा-लाल प्रकार मशीनच्या कंपाच्या आयएसओ 10816 या मानकाच्या धर्तीवरचा (आता त्याच्या जागी 20816 आलंय), अनबॅलन्स, अलाइनमेंट, ढिले फाउंडेशन बोल्ट यांच्यासाठी झकास. पण गिअरच्या दाताची सुरुवातीची खराबी त्यात दिसेलच असं नाही, एका दाताची बारीकशी ठोक एकूण आकड्यात कुठल्या कुठे विरून जाते. आमच्या दोन नंबर मिलचा गिअरबॉक्स 2.3 दाखवायचा, एकदम हिरवा, आणि फिटर मामा रोज स्क्रूड्रायव्हर कानाला लावून म्हणायचे, "अरे साहेब, ह्यात टकटक आहे." मी त्यांना स्क्रीन दाखवायचो. आता आठवलं की लाज वाटते.

मग स्पेक्ट्रमकडे (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती कंप, त्याचा आलेख) वळलो आणि पहिली अडचण आली दातांची. गिअर मेश फ्रिक्वेन्सी म्हणजे दातांची संख्या गुणिले शाफ्टचा स्पीड, हिशोब सोपा, पण दात किती हे कुणालाच माहीत नाही. नेमप्लेटवर फक्त रेशो 13.5, तोही दोन्ही स्टेज (गिअरच्या जोड्या) मिळून. शेवटी एका गुरुवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, इन्स्पेक्शन कव्हर उघडून खडूची खूण करून दात मोजले: पहिली स्टेज 23 आणि 71, दुसरी 19 आणि 83. दात माहीत नसताना स्पेक्ट्रम बघणं म्हणजे जन्मवेळ नसताना पत्रिका बघणं. मोटर 1480 आरपीएम, म्हणजे 24.67 हर्ट्झ, गुणिले 23, पहिल्या स्टेजची मेश फ्रिक्वेन्सी आली 567 च्या आसपास. मधला शाफ्ट जवळजवळ 8 हर्ट्झला फिरतो. ही आकडेमोड मी कव्हरच्या आतल्या बाजूला पेंटने लिहून ठेवलीय, पुढच्याचे हाल नकोत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि मॅन्युअलमध्ये हे कुठेतरी शेवटी एका ओळीत आहे. मीटरचं फॅक्टरी सेटिंग होतं 2000 हर्ट्झपर्यंत 400 लाइन्स (स्पेक्ट्रमचे कप्पे), म्हणजे एका लाइनला 5 हर्ट्झ, आणि एक रेकॉर्ड फक्त 0.2 सेकंदाचं, एवढ्यात 8 हर्ट्झच्या शाफ्टच्या दोन फेऱ्यासुद्धा होत नाहीत! 567 पाशी नुसता जाडसर डोंगर दिसायचा. 3200 लाइन्स केल्या, रेकॉर्ड 1.6 सेकंदाचं झालं आणि त्याच डोंगरातून मुख्य पीकच्या (आलेखातल्या टोकाच्या) दोन्ही बाजूंना 8-8 हर्ट्झवर कंगव्यासारखी छोटी टोकं, म्हणजे साइडबँड, बाहेर पडले. साइडबँडमधलं अंतर ज्या शाफ्टच्या स्पीडइतकं, संशय आधी त्या शाफ्टवर. 24.67 चं अंतर असतं तर पिनियन (मोटरकडचा 23 दातांचा छोटा गिअर) धरला असता, 8 म्हणजे मधला शाफ्ट, आणि साइडबँड 567 भोवती म्हणून त्यावरचा 71 दातांचा गिअर. टाइम वेव्हफॉर्म (वेळेनुसार कंपाचा आलेख) बघितला तर दर 125 मिलिसेकंदाला एक ठोक, म्हणजे फेरीला एकच. मीटरचं "ऑटो डायग्नोसिस" मात्र सांगत होतं बेअरिंग खराब. ते फीचर मी आता बंदच ठेवलंय.

पुढच्या गुरुवारी उघडलं. 71 च्या गिअरच्या एका दाताचा कोपरा उडालेला, शेजारच्या दोन दातांवर पिटिंग (बारीक खड्डे). मेशच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीला, 1135 च्या जवळ, पण मोठा पीक होता, म्हणून मामांनी मार्किंग ब्लू (दात कुठे टेकतात ते दाखवणारा निळा रंग) लावून हाताने फिरवलं, तर निळा रंग दाताच्या फक्त एका टोकाला उठला. त्या बाजूची बेअरिंगची बोअर झिजून शाफ्ट तिरका झाला होता. नुसता गिअर बदलला असता तर सहा महिन्यांत परत तेच.

नवा गिअर बसवल्यावर गंमत झाली. साइडबँड गेले पण 567 चा मुख्य पीक आधीपेक्षा उंच! दोन दिवस झोप नाही. मग कळलं की हा पीक लोडबरोबर वरखाली होतो, त्या दिवशी मिलवर थंड, कडक नॅचरल रबर टाकलं होतं. तेव्हापासून प्रत्येक रीडिंगशेजारी मोटरचे अँपिअर लिहितो आणि रीडिंग एकाच कंपाऊंडवर घेतो. रिकाम्या मिलवर घेतलेलं रीडिंग मी धरतच नाही.

तक्रारी पण आहेत. सेन्सरची केबल कनेक्टरपाशी चार महिन्यांत तुटली, नवीन घेताना खिशाला चांगलीच चाट बसली, एक जादा आधीच मागून घ्या. कार्बन ब्लॅकने कीपॅडवरचे आकडे दिसेनासे झालेत (हा आमच्या धंद्याचा दोष). सोबत आलेला हातात धरायचा टोकदार प्रोब गिअरसाठी निरुपयोगी, हजार हर्ट्झच्या पुढे त्यावर विश्वास नको. मॅग्नेटखालचा रंग मात्र खरवडून जागा साफ करावी लागते.

एकूण पाचपैकी साडेतीन. अर्धा मार्क कापला एक्स्ट्रुडरसाठी. तो व्हीएफडीवर (मोटरचा स्पीड कमीजास्त करणाऱ्या ड्राइव्हवर) चालतो, स्पीड जरा हलला की सगळे पीक फासल्यासारखे पसरतात, त्यासाठी टॅको (शाफ्टचा स्पीड मोजणारा सेन्सर) लागतो. डेमोला विचारलं होतं तेव्हा "हो हो, सगळं जमतं" म्हणाले. जमतं, पण टॅको वेगळा विकत घ्यायचा आणि सॉफ्टवेअरचं लायसन्सही वेगळं. कोटेशन मालकांच्या टेबलावर पडलंय, तोवर एक्स्ट्रुडर मामांच्या स्क्रूड्रायव्हरवर.