महापेची डीएनए लॅब: काम चोख, पण अहवाल नीट मागून घ्या

साडेतीन स्टार. अर्धा स्टार फक्त फोनवरच्या मुलीचा.

माझ्याकडे कोकणातल्या घरून आणलेल्या दोन आमऱ्या (ऑर्किड) आहेत, वादळात पडलेल्या आंब्याच्या फांदीवरच्या. डेंड्रोबियम ओव्हेटम की बार्बाट्युलम, यावर आमच्या ठाण्यातल्या बागवाल्यांचं एकमत होईना. दोन्ही जातींची पानं झडल्यावर नुसत्या कांड्यांवर फुलं येतात. फुलं नसली की भलेभले चकतात. मला परागीकरण करून बी धरायचं होतं, म्हटलं आधी नाव तरी पक्कं होऊ दे.

पानाचे तुकडे सिलिका जेलच्या पाकिटात घालून महापे एमआयडीसीतल्या लॅबमध्ये दिले. चार दिवसांनी फोन: "मॅडम, जून पान दिलंत. चिकट द्रव इतका आहे की डीएनए स्वच्छ निघत नाहीये. कोवळं पान आणून द्याल?" आमरीच्या पानात शर्करांचा बुळबुळीतपणा असतोच. वेगळे पैसे न घेता पुन्हा केलं, हे मान्य करायला हवं.

अहवाल मात्र हातात आला तो एका ओळीचा: 'डेंड्रोबियम, ९९ टक्के जुळणी'. अहो, ते तर मलाही माहीत होतं! तपासलं होतं फक्त आरबीसीएल हे एकच जनुक. २००९ मध्ये वनस्पतींच्या बारकोडसाठी, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्यावरून जात ओळखण्यासाठी, आरबीसीएल आणि मॅटके ही जोडी सुचवली गेली, पण आरबीसीएल फार हळू बदलतं. जवळच्या भावंडांत ते जवळपास सारखंच निघतं. शिवाय दोन्ही जनुकं हरितलवकातली, म्हणजे बहुतेक वेळा आईकडून येणारी. रोप संकरित असेल तर बापाचा पत्ताच लागायचा नाही. केंद्रकातला, म्हणजे आई-बाप दोघांकडून येणारा, आयटीएस हा भाग इथे जास्त उपयोगी. तो करून घेतला, त्याचे पैसे वेगळे. डीएनए वाचून यंत्र जो आलेख काढतं, त्यात एकाच जागी दोन शिखरं दिसली तर संकराची शंका घ्यायची. माझ्या दोन्ही रोपांचे आलेख स्वच्छ होते आणि जुळणी ओव्हेटमकडे झुकली.

'झुकली' एवढंच म्हणते, कारण तुलना होते ती डीएनएच्या सार्वजनिक साठ्यातल्या नोंदींशी, आणि तिथे चुकीच्या नावाने जमा झालेले नमुनेही असतात. टक्केवारीवर भाळू नका. पैसे भरण्याआधीच आयटीएस सांगा, आलेखाची मूळ फाइल मागा, आणि फुलाचा फोटो असेल तर सोबत द्या. पार्किंग नाही, घणसोली स्टेशनवरून रिक्षा बरी.