क्रँकचं सील गेलंय म्हणून गिअरबॉक्स उतरवायला सांगतात, आधी डेल्को (डिस्ट्रिब्युटर, प्लगांना करंट वाटणारा भाग) बघून घ्या

पहिल्या शेपची होंडा सिटी (१९९८ ते २००३ वाली), किंवा कार्बोरेटरची एस्टीम, असली कुठली जुनी पेट्रोल गाडी ज्यांच्या दारात आहे त्यांच्यासाठी लिहितोय. गाडीखाली तेल दिसायला लागलं आणि गॅरेजवाला हात पुसत "क्रँकचं मागचं सील गेलंय" (इंजिनच्या मुख्य शाफ्टच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला तेल अडवणारं रबर) म्हणाला तर लगेच होकार देऊ नका, माझे ह्यात अठ्ठावीस हजार गेलेत.

माझी सिटी २००१ ची. पावसाळ्याच्या तोंडावर पार्किंगच्या फरशीवर तेलाचे थेंब पडायला लागले आणि तिकडं आरटीओचं पासिंग जवळ आलेलं. कोल्हापुरात हायवेच्या बाजूला एक गॅरेज आहे, नाव लिहीत नाही, एकदम चकाचक, बसायला एसी, वर चहा. पोरानं गाडी लिफ्टवर चढवली आणि मला खाली बोलावून टॉर्च मारून दाखवलं, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जुळतात तिथं सगळं काळं, ओलं. आता तेल तिथं खरंच होतं, त्यामुळं माझ्या मनात शंका यायचं कारणच नव्हतं. मालक म्हणाला मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स खाली घ्यावा लागणार, आणि घेतलाच आहे तर क्लच प्लेट पण टाकून घ्या म्हणजे परत मजुरी नको, आणि असं गळत असताना पासिंगला नेऊच नका. साडेएकोणीस हजार. जुनं सील हातात आणून दिलं, नवीन प्लेटचा रिकामा बॉक्स दाखवला, बिल मात्र साध्या कोटेशनच्या कागदावर.

थोडे दिवस फरशी कोरडी. मग परत थेंब, आणि आता गाडी मिसिंग पण मारायला लागली, म्हणजे मध्येच झटके खायला लागली, सकाळी थंड असताना तर जास्तच. परत तिथंच गेलो तर म्हणे ते वेगळं, हे वेगळं, तुमचा डिस्ट्रिब्युटर आतून गेलाय, पूर्ण असेंब्लीच टाकावी लागेल, ओरिजिनल मिळत नाही पण इम्पोर्टेड आहे आपल्याकडं. साडेआठ हजार. जुना विचारला तर "भंगारात गेला की साहेब".

त्यानंतर मिसिंग थांबलं पण पिकअप पडला आणि गळती हळूहळू चालूच. शेवटी पेठेतल्या एका जुन्या मेस्त्रींकडं नेली, सगळे त्यांना मामा म्हणतात, सत्तरी ओलांडलेली, गॅरेज म्हणजे एक पत्र्याचं शेड. मामांनी गाडीखाली बघितलंच नाही. बॉनेट उघडलं, ब्रशनं रॉकेल मारून हेडची, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाची, गिअरबॉक्सकडची बाजू आणि गिअरबॉक्सचा वरचा भाग स्वच्छ धुतला, हवा मारून सुकवला आणि घरातली टाल्कम पावडर आणून सगळीकडं भुरभुरली. म्हणाले एक चक्कर मारून या. आलो तर पांढऱ्या पावडरीवर एकच काळी रेघ, डेल्कोच्या बुडातून निघून सरळ खाली गिअरबॉक्सवर. सील गेलेलं असतं तर तेल बेल-हाउसिंगच्या (क्लचवरचं कवच) आतून येऊन बुडाशी गळलं असतं, वरचा भाग ओला व्हायचं कारण नाही, आणि क्लच पण बहुतेक स्लिप मारायला लागला असता.

ह्या गाडीत डेल्को हेडच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या बाजूला असतो आणि कॅमशाफ्टवर (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) फिरतो, म्हणजे त्याच्या एका बाजूला कायम इंजिन ऑइल. ते अडवायला दोनच गोष्टी, बाहेरून एक रबरी ओरिंग आणि आत शाफ्टवर एक छोटं सील. गाडीला वीस वर्षं झाली की उष्णतेनं रबर कडक होणारच, त्यात कंपनीला शिव्या देण्यात अर्थ नाही. ओरिंग गेली तर तेल बाहेर गळतं, आतलं सील गेलं तर तेल डेल्कोच्या कॅपमध्ये शिरतं, आतला फिरणारा रोटर माखतो आणि गाडी मिसिंग मारते. माझं दोन्ही झालेलं. पार्ट म्हणाल तर ओरिंग शंभर रुपयाच्या आतली.

मामांनी आधी बॉडीवर आणि हेडवर मिळून एक रेघ कोरली, टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, हलू नये म्हणून, मग तीन बोल्ट काढून डेल्को ओढला. तो "इम्पोर्टेड" माल निघाला डुप्लिकेट, आणि त्यावर ओरिंग माझीच जुनी, चपटी झालेली, वाकवली तर बिस्किटासारखी मोडली. वरून काळं सिलिकॉन फासलेलं. टायमिंग तर लाइट लावून बघितलंच नव्हतं, पिकअप कुठून येणार.

मग मामा खाली शिरले आणि मला पण बोलावलं. "हे बघा, ह्या नटाला पाना लागलाय काय?" गिअरबॉक्सच्या बोल्टांवर माती आणि तेलाचा जुना थर तसाच, कडा भरलेल्या, कुठं चकाकी नाही की ओरखडा नाही. गिअर ऑइल काळंकुट्ट, गिअरबॉक्स उतरवला असता तर नवीन भरावं लागलं असतं. म्हणजे त्यांनी नुसतं धुऊन दिलं होतं! आणि मला दिलेलं ते "जुनं सील"? क्रँकचं मागचं सील चांगलं तळहाताएवढं रुंद असतं, हे अडीच इंचाचं पण नव्हतं, कुठल्यातरी गाडीचं ड्राइव्ह शाफ्टचं असणार.

बोल्टांचे फोटो काढले, व्हिडिओ काढला, मामांकडून लिहून घेतलं आणि त्या गॅरेजला गेलो. आधी आवाज चढवला, "एवढ्या जुन्या गाडीला काय गॅरंटी देणार". मग १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली तो नंबर दाखवला आणि सांगितलं जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी पण लागत नाही, दोन वर्षांत कधीही टाकतो. तेव्हा सूर बदलला. घासाघीस होऊन चौदा हजार परत आले, बाकीचे अजून अडकलेत, पक्कं जीएसटी बिल असतं तर त्याला एवढं पण बोलता आलं नसतं. आणि गंमत म्हणजे "भंगारात गेलेला" माझा ओरिजिनल डेल्को आतल्या रॅकवर कापडात गुंडाळून ठेवलेला, दुसऱ्या कुणाला तरी विकायचा होता हे उघड आहे. तो आधी ताब्यात घेतला.

मामांनी त्याच्या कपलिंगची (कॅमशाफ्टला जोडणारा तुकडा) पिन ठोकून शाफ्ट काढला, बेअरिंग आणि आतलं सील नवीन टाकलं, नवी ओरिंग, परत गाडीत बसवून लाइटनं टायमिंग लावलं. कपलिंगची खाच एका बाजूला सरकलेली असल्यानं तो उलटा बसतच नाही, त्यामुळं हे काही रॉकेट सायन्स नाही, कुठलाही बरा मेस्त्री करतो. फक्त सील घ्यायला उद्यमनगरात जाल तर जुनं सील सोबत न्या आणि व्हायटॉनचंच (उष्णता आणि तेल सोसणारं रबर) मागा, नुसतं गाडीचं नाव सांगितलं तर दुकानदार मापात भलतंच देतो, आम्हाला एकदा परत जावं लागलं.