गरोदर लेकीच्या स्वयंपाकाला तेल कोणते: लाकडी घाण्याचे की रिफाइंड?

मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येणार असे ठरले, तेव्हा आमच्या घरात तेलाचा प्रश्न पहिल्यांदा गांभीर्याने निघाला. तोवर फोडणीला घाण्याचे शेंगदाणा तेल आणि तळणाला रिफाइंड सूर्यफूल असे दोन्ही चालत असे. हृदय आणि कोलेस्टेरॉल यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात मी शिरत नाही. पोटातल्या बाळाच्या आणि मूल व्हावे म्हणून थांबलेल्या जोडप्यांच्या दृष्टीने कोणते तेल बरे, एवढ्यापुरतेच हे लिहितो आहे.

शुद्धीकरणाला सरसकट नावे ठेवण्याआधी सरकीकडे पाहावे. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. चीनमधील काही खेड्यांत कच्चे सरकीचे तेल खाण्यात आल्यानंतर जोडप्यांना मुले होईनाशी झाली आणि त्यातूनच या द्रव्याचा पुरुषांतील वंध्यत्वाशी असलेला संबंध उजेडात आला. पुढे १९७०च्या दशकात तिथे आठ हजारांहून अधिक पुरुषांवर गर्भनिरोधक म्हणून त्याच्या चाचण्या झाल्या. परंतु काहींच्या रक्तातील पोटॅशियम घसरले, काहींची प्रजननक्षमता परत आलीच नाही, आणि तो मार्ग सोडून द्यावा लागला. रिफाइंड करताना अल्कलीने धुतल्यावर हे गॉसिपॉल निघून जाते. त्यामुळे सरकीचे तेल वापरायचे असेल तर ते रिफाइंडच असावे, याबाबत माझ्या मनात कोणतीही शंका नाही.

रिफाइंडची अडचण वेगळ्या टप्प्यावर आहे. तेलाचा वास काढण्यासाठी ते २०० अंश सेल्सियसच्या वर तापवले जाते, आणि त्या उष्णतेत ग्लायसिडिल एस्टर व थ्री-एमसीपीडीचे एस्टर अशी दोन नकोशी द्रव्ये तयार होतात. पाम तेलात त्यांचे प्रमाण सहसा सर्वांत जास्त आढळते. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने थ्री-एमसीपीडीसाठी २०१६मध्ये शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.८ मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली आणि २०१८मध्ये ती २ मायक्रोग्रॅम केली. या फेरविचारात मूत्रपिंडाबरोबरच नर उंदरांच्या शुक्राणूंवरील परिणामही तपासले गेले होते. साठ किलो वजनाच्या स्त्रीसाठी ही मर्यादा १२० मायक्रोग्रॅम होते. युरोपने पाम तेलासाठी घातलेली कमाल मर्यादा किलोला २,५०० मायक्रोग्रॅम आहे. त्या हिशेबाने तीस ग्रॅम तेलातून ७५ मायक्रोग्रॅम पोटात जातात. म्हणजे एवढ्याशा वापराने मोठ्या माणसाने घाबरून जावे असे नाही. खरी काळजी आहे ती केवळ डब्याच्या दुधावर असलेल्या तान्ह्या बाळाची, कारण त्याचे वजन चार-पाच किलो आणि त्याच्या आहारातील सगळी चरबी त्याच पावडरमधून येते; आणि तीत बहुधा अशीच रिफाइंड तेले असतात. ग्लायसिडिल एस्टरपासून पोटात सुटणारे ग्लायसिडॉल मात्र जनुकांना इजा करणारे मानले जात असल्याने त्यासाठी सुरक्षित अशी मर्यादाच ठरवलेली नाही.

आता घाण्याच्या तेलाविषयी. ते इतके तापतच नाही, त्यामुळे वरची दोन्ही द्रव्ये त्यात तयार होत नाहीत. पण शेंगदाण्याला बुरशी लागली तर अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते, ते कढईतल्या उष्णतेला सहसा दाद देत नाही आणि चवीलाही कळत नाही. ते नाळेतून बाळापर्यंत पोहोचते, आणि पश्चिम आफ्रिकेतील अभ्यासांत मातेच्या आहारातील अफ्लाटॉक्सिनचा बाळाच्या मंदावलेल्या वाढीशी संबंध दिसला आहे. यातले बरेचसे पेंडीत राहते, थोडे तेलात उतरते. रिफाइंड करताना तेही निघून जाते, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे.

कागदावर दोन्ही पारडी जवळपास सारखी दिसत होती. माझा निर्णय झाला तो एका छोट्या गोष्टीने, पण ती मला फार लागली. रिफाइंडच्या पिशवीवर कोलेस्टेरॉल नाही हे मोठ्या अक्षरांत होते; मला हवा असलेला ग्लायसिडिल एस्टरचा आकडा कुठेही नव्हता. म्हणून पिशवीवरच्या ग्राहक क्रमांकावर फोन केला. पहिल्या वेळी बॅच नंबर लिहून घेतला गेला. दुसऱ्या वेळी तेलाला वास येतो का, असे विचारले गेले. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर संदेश आला की आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. मी तक्रार केलीच नव्हती, प्रश्न विचारला होता. घरात गरोदर मुलगी असताना आपण काय खातो हे विचारण्याची सोयच नसावी, हे मला सहन झाले नाही.

त्याच आठवड्यात मी घाण्यावर गेलो. तिथला मुलगा म्हणाला, “काका, दाणे तुमचे तुम्ही आणा आणि समोर उभे राहून काढून घ्या.” पंधरा किलो दाणे आणले. मी आणि पत्नी दोन संध्याकाळी परात पुढे घेऊन ते निवडत बसलो. सुरकुतलेले, काळपट, साल सुटलेले, कोंब फुटलेले असे सगळे बाजूला काढले. ते जवळजवळ किलोभर भरले. त्यातला एक दाणा वरून अगदी धडधाकट वाटत होता, फक्त वजनाला हलका. तो नखाने उकलला, तर दोन्ही डाळींच्या मध्ये हिरवट-पिवळ्या बुरशीची पातळ साय धरलेली होती. हाताने निवडल्याने अफ्लाटॉक्सिन बरेच कमी होते, हे आधी वाचले होते. त्या संध्याकाळी ते पटले.

सकाळी पहिला घाणा आमचा लावला, त्याआधी कालची पेंड खरवडून घेतली. तेल स्टीलच्या डब्यात घेतले. जुन्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये ते भरू नये, कारण प्लास्टिक मऊ करण्यासाठी घातली जाणारी फ्थॅलेट वर्गातली द्रव्ये तेलात सहज उतरतात आणि त्यांतले डीईएचपी युरोपात प्रजननास घातक म्हणून वर्गीकृत आहे. चार दिवस तेल निवळू दिले आणि वरचे तेवढे वापरले, कारण पेंडीचा बारीक अंश गाळात बसतो. शेंगदाणा तेलात ओमेगा-३ नसल्यासारखेच असते. सोयाबीन तेल त्यात सरस आहे. ती उणीव आम्ही जवसाच्या चटणीने थोडीफार भरून काढली.

ज्यांना दाणे निवडायला वेळ नाही किंवा घाणेवाला कुठले दाणे घालतो हे पाहता येत नाही, त्यांनी मिश्रण नसलेले, पाम नसलेले रिफाइंड घ्यावे आणि तळण कमी ठेवावे, असे मी सुचवेन. निनावी घाण्याच्या तेलापेक्षा ते बहुधा बरे. पण दोन संध्याकाळी मोकळ्या असतील, तर माझे मत घाण्याकडे झुकते. निवडून बाजूला काढलेले दाणे मात्र गोठ्यात देऊ नका. गाईने खाल्लेले अफ्लाटॉक्सिन दुधात उतरते, आणि ते दूध पुन्हा बाळंतिणीच्याच पेल्यात येऊ शकते. आम्ही ते परसात खड्डा खणून पुरले.