थकवा एकच, थायरॉईड की टेस्टोस्टेरॉन?
पर्वती चढताना निम्म्यात बसावं लागलं की चाळिशीतला पुणेकर 'वय झालं' म्हणून मोकळा होतो. पण थायरॉईड मंदावला असेल तर इतरांना उकडत असताना याला पंखा नकोसा होतो, कातडी कोरडी पडते, पोट साफ होत नाही. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन कमी असेल तर कामेच्छा ओसरते, पहाटेची ताठरता जाते. (हे डॉक्टरलाही सांगायला आपण लाजतो!) उदासी, वाढतं वजन दोन्हीकडे सारखंच.

मी आधी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करून घेईन. टेस्टोस्टेरॉनसाठी सकाळी 10च्या आत, उपाशीपोटी, तेही दोनदा रक्त द्यावं लागतं. शिवाय थायरॉईड बिघडल्यानेही टेस्टोस्टेरॉन खाली येतं. गोळीने तो ताळ्यावर आला की पुष्कळदा तेही सावरतं. घाईने टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेतलं तर शुक्राणू घटतात. मूल हवं असेल तर हे इंजेक्शन नकोच.